गुलाबी बाथरूम फोडण्याआधी भिंत वाजवून पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या पार्मा उपनगरात तुम्ही १९५६ साली बांधलेले घर विकत घेतले आहे. घरातल्या एकुलत्या एका बाथरूमला छातीच्या उंचीपर्यंत गुलाबी टाइल आहे, तिच्या वरच्या कडेला मरून रंगाची पट्टी आहे, आणि टब, बेसिन व कमोड हे तिन्ही त्याच गुलाबी रंगाचे आहेत. तुम्ही दोघे रोज रात्री घरांच्या नूतनीकरणाचे कार्यक्रम पाहता, आणि त्यांत असे बाथरूम दिसले की पुढच्याच दृश्यात ते घणाखाली येते. घर पाहून गेलेल्या तिन्ही कंत्राटदारांनी सगळे काढून पांढरे करण्याचा सल्ला दिला, आणि त्यांपैकी सर्वांत कमी अंदाज २६ हजार डॉलरचा आहे. मे महिन्यात तुमचे आई-वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, आणि तुम्ही शेवटी लिहिले आहे की तो गुलाबी रंग आता आवडू लागला आहे, पण तसे बोलायची लाज वाटते.

लाज वाटण्यासारखे यात काही नाही. ओहायोमध्ये मी गेली २२ वर्षे जुन्या घरांच्या नूतनीकरणाचे काम करते आहे, आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम बाथरूमचेच असते. बाथरूम ठेवायचे की काढायचे, हा प्रश्न घरमालक नेहमी रंगापासून सुरू करतात. मी तो पाण्यापासून सुरू करते. टाइलमागची भिंत कोरडी आणि घट्ट असेल तर गुलाबी रंग हा दोष ठरत नाही. भिंत कुजलेली असेल तर वरची टाइल पांढरी असली तरी ती काढावीच लागते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मला भिंत पाहिल्याशिवाय देता येणार नाही. ती कशी तपासायची आणि तपासणीतून काय निघाले तर मी काय करते, एवढे मात्र सविस्तर सांगता येईल.

आधी टीव्हीबद्दल थोडे बोलते, कारण तुमच्या मनातली अढी तिथूनच आलेली दिसते. १९७९ साली बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर 'धिस ओल्ड हाउस' सुरू झाले, तेव्हा डॉर्चेस्टरमधल्या एकाच जुन्या घराचे काम पूर्ण हंगामभर दाखवले गेले होते. नळजोडणी, गिलावा, खिडक्या या सगळ्यांना त्यात वेळ मिळत असे. १९९४ साली घर-बागेच्या कार्यक्रमांना वाहिलेली एचजीटीव्ही वाहिनी आली आणि पुढे एका भागात एक घर उरकण्याची पद्धत रुळली. तासाभराच्या भागात जाहिराती वगळल्या की चाळीसेक मिनिटे उरतात, आणि त्यांत घर निवडणे, फोडणे, अडचण निघणे, सजावट आणि मालकांचे आनंदाश्रू हे सारे बसवायचे असते. शॉवरचा तळ पाणी धरतो की नाही हे पाहण्यासाठी आम्ही त्याचा निचरा बंद करून त्यात २४ तास पाणी भरून ठेवतो. ही बाथरूमच्या कामातली सर्वांत महत्त्वाची परीक्षा आहे, पण तिच्यात पाहण्यासारखे काहीच नाही, कारण परीक्षा यशस्वी झाली तर पाणी आदल्या दिवशी होते तिथेच दुसऱ्या दिवशीही असते. उलट घणाच्या एका घावाने गुलाबी टाइल ढासळते, ते दृश्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. कॅमेऱ्याला जे दिसते तेच कार्यक्रमात येणार, यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. ते कार्यक्रम पाहूनच अनेकांना स्वतःच्या घरात हात घालण्याचे धैर्य आले आहे, हेही मी माझ्या ग्राहकांमध्ये पाहिले आहे. पण वर्षानुवर्षे तेच दृश्य पाहिले की रंगीत टाइल म्हणजे 'आधीचे' चित्र आणि पांढरी टाइल म्हणजे 'नंतरचे' चित्र, अशी सवय डोळ्यांना लागते, आणि मग माणूस स्वतःच्या बाथरूमकडे पुढच्या गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहू लागतो. तुम्ही त्या घरात किती वर्षे राहणार आहात, हे तुम्ही लिहिलेले नाही. दोन वर्षांत विकणार असाल तर खरेदीदाराचा विचार करणे योग्य आहे. मुलगा तिथेच मोठा होणार असेल, तर तो विचार आत्ता करण्याची गरज नाही.

तुमच्या बाथरूमचा रंग कुठून आला, हेही थोडे जाणून घ्या, कारण त्यामुळे त्याकडे पाहण्याची नजर बदलते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोगजंतूंची धास्ती मोठी होती, आणि मळ लगेच दिसावा म्हणून अमेरिकेतली बाथरूमे पांढरी ठेवली जात. १९२७ साली विस्कॉन्सिनच्या कोहलर कंपनीने रंगीत टब, बेसिने आणि कमोड बाजारात आणले. यात एक मोठे तांत्रिक कसब होते. टब ओतीव लोखंडाचा, त्यावर काचेसारखा एनॅमलचा थर. बेसिन आणि कमोड मातीचे, भट्टीत भाजलेले. दोन वेगळ्या पदार्थांवर, वेगळ्या भट्ट्यांतून, अगदी एकच छटा काढणे ही कठीण गोष्ट आहे. तुमचे तिन्ही नग आजही एकमेकांशी जुळतात, याचे कारण तो रंग वर फासलेला नाही, तो भाजून काचेत मुरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत घरांची लाट आली, तिच्याबरोबर गुलाबी रंग आला. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधी समारंभात त्यांच्या पत्नी मेमी यांनी गुलाबी पोशाख घातला होता, आणि त्यांची गुलाबीची आवड इतकी गाजली की त्या छटेला त्यांचेच नाव पडले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७०च्या दशकात अॅव्होकाडोचा हिरवा आणि पिकल्या धान्याचा सोनेरी रंग आला, आणि त्यानंतर हळूहळू सगळे पुन्हा फिकट होत पांढऱ्यावर आले. २०२३ साली आपल्या दीडशेव्या वर्षानिमित्त कोहलरने जुन्या रंगांवर लोकांचे मत मागवले, तेव्हा 'स्प्रिंग ग्रीन' आणि 'पीचब्लो' हे दोन रंग निवडून आले आणि पुन्हा बनवले गेले. यातला पीचब्लो तुमच्या टबाच्या कुळातला, मंद गुलाबी. पॅम क्यूबर या लेखिकेने तर गुलाबी बाथरूमे वाचवण्याची मोहीमच चालवली आहे. म्हणजे तुम्हाला जे आवडू लागले आहे, ते आवडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

आता भिंतीकडे वळते. १९५६ हे साल मोठे अडनिडे आहे. त्याआधीच्या घरांत टाइल बहुतेक वेळा जाड थरात बसवलेली असते: लाकडी सांगाड्यावर लोखंडी जाळी, जाळीवर वाळू-सिमेंटचा एक इंचाचा किंवा त्याहून जाड थर, आणि तो ओला असतानाच त्यात टाइल. त्याच दशकात पातळ थरात टाइल चिकटवण्याची साधने आली, आणि काही बांधकामदारांनी खर्च वाचवण्यासाठी जिप्समच्या पाट्यांवर डिंकासारख्या चिकटद्रव्याने सरळ टाइल लावली. पहिल्या प्रकारची भिंत सत्तर वर्षांनीही दगडासारखी उभी असते. दुसऱ्या प्रकारची भिंत शॉवरजवळ बहुधा आतून भिजलेली असते, कारण जिप्सम पाणी पिते आणि मऊ होते.

तुमची भिंत कोणत्या प्रकारची आहे हे न फोडता कळू शकते. औषधांचे आरशाचे कपाट सहसा चार स्क्रूंवर बसवलेले असते; ते काढा आणि भिंतीची कापलेली कड पाहा. जाळी आणि राखाडी सिमेंट दिसले तर तुमचे नशीब चांगले आहे. कपाट काढताना हातमोजे घाला. त्या काळच्या कपाटांना दाढीची जुनी पाती टाकण्यासाठी मागे एक फट असे, आणि ती पाती सरळ भिंतीच्या पोकळीत पडत. मी अशी भिंत उघडली तेव्हा गंजलेल्या पात्यांचा ढीगच बाहेर आला आहे.

मग स्क्रूड्रायव्हरची लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ घ्या आणि टबाभोवतीच्या तिन्ही भिंती, एकेक टाइल, हलक्या हाताने वाजवत जा. आपल्याकडे गवंडी फरशी वाजवून पाहतात, तसेच हे आहे. भरीव टाइल टणक आवाज देते आणि सुटलेली टाइल पोकळ वाजते. पोकळ वाजलेल्या प्रत्येक टाइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे शेवटी मागे उभे राहून पाहिल्यावर नकाशा दिसतो. इकडे-तिकडे विखुरलेल्या पाच-सात पोकळ टाइलांची मला चिंता वाटत नाही. पण टबाच्या तोटीखाली, साबणाच्या खोबणीभोवती किंवा टबाच्या कडेला लागून असा पट्टाच तयार झाला, तर तिथे अंगठ्याने दाबून पाहा. भिंत जराही दबली तर आत ओल आहे. खाली तळघर असेल तर टबाच्या बरोबर खालचे लाकूड आणि कमोडच्या भोवतीचा भाग बॅटरीच्या उजेडात पाहा. काळे डाग, पांढरट पोपडे किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत जाणारे लाकूड दिसले, तर रंगाची चर्चा बाजूला ठेवून आधी गळती शोधावी लागेल.

माझ्या स्वतःच्या कामातल्या दोन गोष्टी सांगते, म्हणजे मी एकाच बाजूने बोलते आहे असे वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी १९६१ सालच्या एका घरातले आकाशी निळे बाथरूम वाचवण्यासाठी मला बोलावले होते. मालकीणबाईंचे त्यावर फार प्रेम होते. टाइल वाजवली तर तोटीपासून खालचा पूर्ण पट्टा पोकळ निघाला, आणि दाबल्यावर माझा अंगठा चक्क आत गेला. ती टाइल जिप्समवर चिकटवलेली होती. टबाभोवतीच्या तिन्ही भिंती आम्ही उतरवल्या, आणि उतरवताना सुटी झालेली धड टाइल धुऊन, मोजून, जपून ठेवली. ती पुरली नाही, म्हणून शॉवरच्या भागात नवी पांढरी टाइल आणि तिच्या मधोमध जुन्या निळ्या टाइलचा एक पट्टा असे केले. तिथे फोडणेच बरोबर होते, आणि आजही मी तेच करीन.

दुसरी गोष्ट मी या व्यवसायात नवी असतानाची आहे. तेव्हा ज्या कंपनीत काम करत होते, तिने एका घरातले पिवळे-काळे बाथरूम केवळ जुने दिसते म्हणून काढायला घेतले. भिंत जाड थराची होती आणि कुठेही पोकळ नव्हती. हिशोब सोपा आहे: एक इंच जाडीचे सिमेंट दर चौरस फुटाला सुमारे १२ पौंड भरते, म्हणजे १०० चौरस फूट भिंतीतून टाइल न धरताही १२०० पौंड, अर्ध्या टनाहून जास्त, राडारोडा निघतो. त्याखेरीज पाच फुटी ओतीव लोखंडाचा टब तीनशे पौंडांच्या पुढे असतो. तो अखंड जिन्यावरून नेता येईना, म्हणून घणाने तुकडे करून काढला. दोन माणसांचे तीन दिवस गेले. त्या जागी बसवलेल्या नव्या टाइलचे सांधे सहा वर्षांत तडकले आणि ते दुरुस्त करायला मीच गेले होते. त्या बाथरूमला काही झालेले नव्हते, हे मला तेव्हाच माहीत होते आणि मी बोलले नाही. त्यानंतर वाजवून पाहिल्याशिवाय मी कोणतीही भिंत उतरवायला घेतलेली नाही.

येथवरचे सांगणे एवढेच: जाड थर, भरीव आवाज आणि खाली कोरडे लाकूड, या तिन्ही गोष्टी असतील तर मी टाइल ठेवण्याच्या बाजूची आहे. जिप्सम आणि ओल असेल तर किमान टबाभोवतीच्या भिंती उतरवाव्या लागतील, आणि उरलेले बाथरूम तसेच ठेवता येईल का ते मग ठरवता येईल.

तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून पुढचा मुद्दा लक्ष देऊन वाचा. १९७८ सालापूर्वीच्या अमेरिकी घरांतल्या रंगात शिसे असू शकते. जुन्या टाइलच्या लकाकीत आणि टबाच्या एनॅमलमध्येही ते सापडते. अखंड, चकचकीत पृष्ठभागावरून ते सहसा सुटत नाही. पण टबाचा तळ झिजून खरखरीत झाला असेल, तर मुलाला त्यात बसवण्याआधी तपासून घ्या. तोडफोडीत तर सगळ्याचीच धूळ होते. म्हणून ज्या कंत्राटदाराला काम द्याल, त्याच्याकडे शिशाच्या कामाचे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे (ईपीए) प्रमाणपत्र आहे ना, हे आधी विचारा, आणि जमिनीचे जुने थर किंवा नळांवरची वेष्टने काढायची असतील तर अॅस्बेस्टॉसची, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाची, चाचणी करून घ्या. २६ हजारांच्या त्या अंदाजपत्रकात या दोन गोष्टींचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर तो अंदाज अपुरा आहे.

टब खरखरीत निघाला तर कोणीतरी त्यावर नवा लेप मारून घेण्याचे सुचवेल. तो लेप म्हणजे एक प्रकारचा रंगच असतो, भाजलेले एनॅमल नव्हे, आणि वापरानुसार काही वर्षांनी सोलवटू लागतो. एकुलत्या एका बाथरूमसाठी तो चालू शकतो. पण जुना लेप काढायला मिथिलीन क्लोराइड वापरणाऱ्याला काम देऊ नका. बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफेने या देशात कारागिरांचे जीव गेले आहेत. टाइलवर पांढरा रंग मारण्याची कल्पना मात्र सोडून द्या. ओल्या जागी तो टिकत नाही, आणि पोपडे निघू लागले की खालचा चांगला गुलाबी रंगही वाया जातो.

कमोडचे गणित वेगळे आहे. १९९४ सालापासून अमेरिकेत घरगुती कमोडला एका वेळी १.६ गॅलन, म्हणजे सुमारे सहा लिटर, पाण्याची मर्यादा आली. तुमचा जुना कमोड पाच गॅलनपर्यंत पाणी ओतत असेल. टाकीचे झाकण उलटे करा. बनवल्याची तारीख बहुधा तिथे किंवा टाकीच्या आत उमटवलेली असते. मी बहुतेक घरांत कमोड बदलून पांढरा बसवते आणि जुना, झाकणासकट, तळघरात गुंडाळून ठेवायला सांगते. पांढरा कमोड गुलाबी बाथरूममध्ये खटकत नाही. विसंगत गुलाबी मात्र फार खटकतो. नवा घेण्याआधी मागच्या भिंतीपासून निचऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. आता १२ इंच हे सर्वसाधारण माप आहे, पण जुन्या घरांत १० किंवा १४ इंचही आढळते.

तुमच्या आई-वडिलांसाठी काय करावे, हा खरे तर सर्वांत निकडीचा भाग आहे, आणि तिन्ही कंत्राटदारांनी त्याबद्दल काही विचारले नाही याचे मला आश्चर्य वाटते. मराठी घरांत काम करताना मला हे वारंवार दिसते: वडीलधारी माणसे बादली-तांब्याने आंघोळ करू पाहतात, आणि अमेरिकी बाथरूमच्या जमिनीला निचराच नसतो. टबाबाहेर सांडलेले पाणी खालच्या लाकडात मुरते. म्हणून आंघोळ टबातच व्हायला हवी, पण सत्तरीतल्या माणसाला चौदा-पंधरा इंचांची कड ओलांडायला लावणे धोक्याचे आहे. दोन पाय टबात आणि दोन बाहेर असणारे लांब बाक मिळते. त्यावर बाहेर बसून आत सरकायचे, बादली टबात ठेवायची, आणि जोडीला लांब नळीचा हातशॉवर लावायचा. तो सध्याच्या शॉवरच्या नळीवरच बसतो, भिंत फोडावी लागत नाही.

भिंतीतली चिनीमातीची साबणदाणी आणि तिचा दांडा हे धरायचा आधार म्हणून कोणालाही वापरू देऊ नका. तो दांडा माणसाचे वजन घेण्यासाठी केलेला नसतो, आणि तुटला तर त्याची धार सुरीसारखी असते. स्टीलचे आधारदांडे टाइलमधून आरपार, मागच्या लाकडी खांबांत बसवायचे असतात. हिऱ्याच्या पात्याचे गिरमिट, मंद वेग आणि सतत थोडे पाणी, एवढे पाळले तर जुनी टाइल तडकत नाही.

कमोडजवळ हाताने वापरायचा फवारा लावाल, तर वापरानंतर त्याचा मूळ नळ प्रत्येक वेळी बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, कारण सतत दाबाखाली राहिलेली नळी रात्री फुटली तर खालचे छत जाते. शिवाय क्लीव्हलंडच्या हिवाळ्यात नळाचे पाणी बर्फासारखे असते, आणि आई-वडील नोव्हेंबरपर्यंत राहणार आहेत. फवाऱ्याचे पाणी गरम करणारी, कमोडवर बसवायची विजेची बैठक घ्यायची असेल तर तिला भूदोष-संरक्षण (जीएफसीआय) असलेला, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा, विजेचा सॉकेट लागतो. बाथरूममध्ये तो बंधनकारक झाला १९७५ साली, तेव्हा तुमच्या घरात तो नसण्याचीच शक्यता जास्त आहे. बैठक घेण्याआधी तुमच्या कमोडचे भांडे गोल आहे की लांबट, तेही पाहा.

म्हणून मेपर्यंत माझा क्रम असा राहील: या आठवड्यात भिंत वाजवणे आणि तळघरातून पाहणे, मग शिशाची चाचणी, मग विजेचा सॉकेट आणि हवा बाहेर टाकणारा चांगला पंखा, आणि शेवटी बाक, हातशॉवर व आधारदांडे. यांतल्या कशासाठीही टाइल काढावी लागत नाही. घरात एकच बाथरूम असताना पाहुणे येण्याच्या तोंडावर ते पूर्ण उघडणे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण भिंतीआड काय निघेल आणि काम किती आठवडे लांबेल, हे आधी सांगता येत नाही. नळाची जुनी चावी गळत असली तरी तिच्या आतले वॉशर आणि ते जिच्यावर टेकते ती धातूची कडी बदलून पाहा. पूर्ण बदलायचीच असेल तर भिंतीपलीकडच्या खोलीच्या किंवा कपाटाच्या बाजूने भिंत उघडा, टाइलच्या बाजूने नको.

आणि आरशाचे कपाट काढाल तेव्हा त्याच्या मागे, शिवाय तळघरातल्या जुन्या फळ्यांवर आणि माळ्यावर, उरलेल्या गुलाबी टाइलचा खोका कुठे राहिला आहे का ते शोधा. त्या काळचे गवंडी चार-दोन डझन टाइल मागे ठेवून जात. त्या सव्वाचार इंची असतील. आजच्या टाइलांशी त्यांची कड आणि छटा सहसा जुळत नाही, त्यामुळे सापडलेली एकही टाकू नका. भिंतीचा नकाशा काढून झाला की पोकळ टाइल किती आणि नेमक्या कुठे निघाल्या, ते इथेच कळवा. पुढचे त्यावरून सांगते.